घुम्याच्या पाणथळीचा वारस

मी अजून चालती-बोलती आहे, आणि माझे दीर काल पाणथळीच्या काठाने दोरी टाकून मापं घेत होते. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, सहज." सहज कुणी गुडघाभर चिखलात उतरतं का? म्हणून हे मृत्युपत्र आजच. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कुणी भरीला घातलेलं नाही. उलट सगळे अडवतच आहेत. सोमवारी पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर फार गोड बोलतात, ते मला आवडलेलं नाही.

कलम एक. राहतं घर भांड्याकुंड्यांसह माझ्या लेकीला. मागच्या खोलीचं दार फुगतं, त्याला खालून लाथ घालावी.

कलम दोन. चटयांचा माग आणि दोन्ही विळे लेकीलाच. तिसरा दिरांनी नेला. मागितला की म्हणतात, "कुठला विळा?" राहू दे त्यांना. बोथटच होता.

कलम तीन, पाणथळ. ही माझ्या एकटीच्या नावावर आहे. दिरांनी चर खणून तिचं पाणी काढलं आणि घुम्या गेला. घुम्या म्हणजे एक लाजरा पाणपक्षी. दिसत नाही, नुसता घुमतो, रिकाम्या घागरीत फुंकर मारावी तसा. यजमान गेल्यावर मी चर बुजवला, चटया विणायला पाणकणीस, म्हणजे पाण्यात वाढणारं उंच गवत, हवं होतं म्हणून. मग पक्ष्यांचा अभ्यास करणारी बाई आली. म्हणाली, "मावशी, सगळं कापू नका. जुनं वाळकं उभं ठेवा, त्यातच तो घरटं करतो." आमच्या धंद्यात वाळकं उभं ठेवणं म्हणजे आळशीपणा. तरी ठेवलं.

आणि धुक्यात तो एकदा दिसला. चोच आभाळाकडे, अंगावर पाणकणसाचेच पट्टे. वारा आला, पाती डोलली, तोही डोलला. मग पातं कुठलं आणि पक्षी कुठला, कळेना. माझे पाय पाण्यात आहेत की नाहीत, तेही कळेना. घरी येऊन चहा ठेवला, तो उतू गेला, तरी मी तिथेच उभी होते.

कलम चार. पुढे मी अंथरुणाला खिळले, तेव्हा मला बरं वाटावं म्हणून लेकीने सगळी पाणथळ कापून पेंढ्या रचल्या. "आई, एक काडी मागे ठेवली नाही बघ." त्या वर्षी घुम्या मुका. तिने ते मनाला लावून घेतलं, शहरात शिवणकाम धरलं, आणि आता फोनवर पाणथळीचं नाव काढत नाही.

बाळ, ऐक. यंदा दोन बाजूंनी घुमतंय. एक आवाज तू कापलं होतंस तिथलाच आहे. तिथे पाणकणीस पुन्हा डोक्यावर गेलंय. म्हणून पाणथळ तुलाच. अट एवढीच, दरसाल एक पट्टा कापायचा, बाकी उभं. चर उघडायचा नाही, काका कितीही लाडात आले तरी.

कलम पाच. लेक नको म्हणाली, तर पाणथळ त्या पक्षीवाल्या बाईच्या संस्थेला. दिरांना माझी सगळ्यात मोठी चटई. काठावर अंथरून ऐकत बसावं.

साक्षीदार: नावाडी (सही वाचता येत नाही, पण त्यांचीच आहे), शेजारची दूधवाली.
स्थळ: माझं स्वयंपाकघर.
दिनांक: बारा, शुक्रवार.
सही: चटईवाली.

एक प्रत लेकीला आजच पाठवते आहे. घेतेस की नाही, ते रविवारी दिवेलागणीच्या आत कळव. विचार करते म्हणू नकोस. सोमवारी सकाळी मला आत नेतील, त्याआधी मला उत्तर हवं.