बरोबरीची फी

प्रिय अकेयोताई,

दर वेळी फोनवर तू माझ्यावरच का तापतेस? नोंदणीची पंचवीस हजारांची फी काय मी ठरवली? नैरोबीत राहतो म्हणजे मी मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो, असं तुला वाटतं. मी इथे दिवसभर मोटरसायकलवर सवाऱ्या वाहतो. परवा एवढं ओरडून मी फोन ठेवला. पण तो राग खोटा होता, ताई.

तुझी निळी वही सारखी आठवते. औषधाच्या दुकानात तू त्यात नाव, नंबर, आजार लिहायचीस आणि मागच्याला दिसू नये म्हणून पानावर कोपर ठेवायचीस. मी एकदा डोकावलो आणि मास्तरांचा आजार बाजारभर केला. तू मला कानाला धरून त्यांच्या दारात नेलंस, सगळ्यांदेखत माफी मागायला लावलीस. अशी वही ठेवणाऱ्यानं आता सरकारदरबारी नाव नोंदवायचं, फी भरायची, आणि त्या पैशातून सरकार माहिती चोरणाऱ्यांवर नजर ठेवणार. कायदा वाईट नाही, हे तूच म्हणालीस. पहिल्या मसुद्यात तर छोट्यांना दोन हजार होते, बँकांना पाच लाख. मग सगळ्यांना सरसकट पंचवीस हजार कसे झाले, हे तू विचारतेस. ते मला ठाऊक आहे.

मार्चमध्ये फीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारनं सभा घेतली. कर्ज देणाऱ्या एका बड्या कंपनीचा दलाल आमच्या स्टँडवर आला. नुसतं बसायचं, जेवायचं, बॉस, म्हणाला. वर बाराशे शिलिंग. सभेच्या दारात नाव आणि धंदा लिहायचा होता, आणि वही ठेवणाऱ्या धंदेवाल्यांनाच आत घेत होते. सवाऱ्यांची कोण वही ठेवतो? दलाल म्हणाला, एखादं दुकान लिही. मला एकच दुकान माहीत होतं. मी लिहिलं, अकेयो औषधालय, आणि पुढे आपलं गाव, अहेरो.

मग त्यानं मला माइकसमोर ढकललं. पढवलेलं वाक्य मी म्हटलं, "आम्हा छोट्यांना दया नको, बरोबरी हवी. फी सगळ्यांना एकच ठेवा." टाळ्या पडल्या. माझ्यासाठी जन्मात कुणी टाळी वाजवली नव्हती, ताई. मी ते परत म्हटलं, कुणी सांगितलं नसताना.

काल दलालानं हसत हसत सरकारी अहवाल फोनवर दाखवला. छोट्या दुकानदारांचाही पाठिंबा, असं लिहून खाली तुझ्या दुकानाचं नाव छापलंय. आणि मंगळवारी तू बाजारातल्या चाळीस जणांच्या सह्यांचा, फी कमी करा म्हणणारा अर्ज घेऊन नोंदणी कचेरीतल्या साहेबासमोर उभी राहणार. तो तेच पान उघडेल. अवीनोमावशी आणि बाकीचे तुझ्याकडे बघतील, हिनंच आपल्याला विकलं म्हणून.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर सही होत नाही. म्हणून हा कागद बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. साहेबाला दाखव, आणि त्याआधी त्या चाळिसांना वाचून दाखव. खाली सही आणि लायसन्सचा नंबर आहे. सोमवारच्या बसनं मीही येतो. मास्तरांच्या दारात उभं केलं होतंस, तसं कर. पंचवीस हजार माझ्याकडे नाहीत. त्या दिवशी घेतलेले तेवढे आहेत, आणि कोंबडीच्या जेवणाचे दीडशे.

तुझाच,
ओदेरो

सोबत तेराशे पन्नास शिलिंग.