आधी किळस परत आली

प्रिय ताई,

माझे उपचार मध्येच थांबवलेत. काल डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून स्वतः सांगितलं, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही. घरून तक्रार आली आहे म्हणे. मशीन सुरू झाल्यापासून बाई चिडखोर झाल्या, भांडी आपटतात, आल्यागेल्याला घालूनपाडून बोलतात, सासूला रडवतात. तेव्हा पुढचं ठरेपर्यंत थांबू या, असं त्या म्हणाल्या. तसं पाहिलं तर तक्रारीतला शब्द न् शब्द खरा आहे.

तू ते मशीन पाहिलेलं नाहीस, म्हणून आधी तेच सांगते. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची. डोक्यावर घट्ट टोपी, तिच्यावर पेनाने केलेल्या खुणा. कानातलं-गळ्यातलं काढून ठेवायचं, कानात बोळे घालायचे. मग मशीनवाली मुलगी (मी तिला सुतारीण म्हणते) आठच्या इंग्रजी आकड्यासारखी एक जाड चकती माझ्या कपाळाच्या डाव्या बाजूला, जरा वर टेकवते आणि ठकठक सुरू होते. सुतारपक्षी डोक्यावर बसलाय असंच वाटतं. पहिल्या दिवशी जोर किती ठेवायचा ते ठरवायला तिने चकती थोडी मागे सरकवून एकेक ठोका दिला, तर माझा उजवा अंगठा आपला आपण उडाला. हसू वगैरे तेव्हा येतच नव्हतं, पण त्या अंगठ्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. ते विजेचे झटके नव्हेत, भूलही देत नाहीत. चुंबकाचे ठोके असतात, मेंदूचा जो भाग सुस्तावून पडलाय त्याला हलवायला. झालं की आपलं आपण चालत घरी. कपाळ ठणकतं, जबडा थोडा आखडतो, बस. घरी मात्र सासूबाई दारातच उभ्या होत्या. लेकाला विचारत होत्या, "हिला आता चमचे चिकटणार का रे?" आणि खरंच एक चमचा माझ्या कपाळाजवळ धरून पाहिला त्यांनी. चिकटला नाही, तर जरा हिरमुसल्याच.

माझ्या नैराश्यावर गोळ्यांचा उपयोग झाला नाही, हे तुला ठाऊक आहे. बाकीचं ठाऊक नाही, कारण तू यायचीस तेव्हा मला न्हाऊ घालून, धुतलेले कपडे चढवून बसवलेलं असायचं. लोकांना वाटतं, या आजारात माणूस रडत असतं. मला रडूसुद्धा येत नव्हतं. डेअरीतलं माझं काम तू पाहिलंयस. दुधाचा कॅन गाडीतून उतरून धक्क्यावर आला की झाकण उघडायचं, झाकणाच्या आतल्या बाजूचा वास पहिल्याच श्वासात घ्यायचा, शंका आली तर घोट तोंडात घोळवून थुंकायचा. विचार करत बसायचं नसतं. दूध वाईट असेल तर वरचा ओठ आपसूक वर जातो, तोच निकाल. आजारात मला आंबूस वास कळायचा, पण ओठ हलायचा नाही. आंबलंय, बरं, असेल. मॅनेजरने आधी मला धक्क्यावरून उठवून आत टेबलाशी बसवलं. नंतर तेही जमेना, तेव्हा घरी.

उपचार निम्म्यावर आले असतील तेव्हाची गोष्ट. सकाळी पाणी प्यायला ओट्यापाशी गेले. नळावर एक फडकं वाळत होतं. वाळत कसलं, कुजत होतं. काळपट, कडेला बुळबुळीत, आणि त्याचा तो वास! जुनं दूध, साबण आणि उंदीर मेल्यासारखं काहीतरी. माझा ओठ वर गेला आणि मी सिंकमध्येच ओकले. मग दोन बोटांत धरून ते फडकं मी तुझ्या मेहुण्यांसमोर नेलं आणि विचारलं, हे कशाला वापरता? पेपरमधून डोकं न काढता ते म्हणाले, "सगळ्यालाच." सगळ्याला म्हणजे भांड्यांना, टेबलाला, जमिनीवर सांडलेल्याला, मांजराच्या थाळीला आणि सासूबाईंच्या चष्म्याला. वर म्हणाले, "इतके दिवस तुला चाललं की." चाललं! त्या फडक्याने पुसलेल्या ताटात मी जेवत होते, ताई.

तुला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी सुतारणीला सांगितलं, तर ती टोपी हातात धरून हसत सुटली. म्हणाली, "ओकारी आली म्हणून पेढे वाटायला निघालेलं पेशंट पहिल्यांदाच बघतेय मी."

मग रांगच लागली. फ्रिज उघडला आणि लगेच बंद केला. माझ्याच उशीचा अभ्रा नाकाशी नेला आणि खिडकीतून बाहेर फेकला. सासूबाई पातेल्यातलं चमच्याने चाखतात आणि तोच चमचा परत पातेल्यात बुडवतात. तुझे मेहुणे अंगठा चाटून पेपर उलटतात आणि त्याच अंगठ्याने माझ्या पुढ्यात पाव ठेवतात. शेजारीण येते, ओलसर हाताने माझा पंजा कुरवाळते आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलते, "आज कश्शी छान दिसतेय आमची बाय!" मी हात ओढून घेतला आणि तिच्यासमोर साबणाने धुतला. चमच्याबद्दल मी सासूबाईंना जे बोलले ते इथे लिहीत नाही. गोड शब्दांत सांगता आलं असतं, पण तेवढा धीर नव्हता.

पण सगळ्यांत जास्त मळमळतं ते त्यांच्या हसण्याने. माझ्या आजारात तुझ्या मेहुण्यांनी घरात नियम केला होता, की माझ्यासमोर सगळ्यांनी हसतमुख राहायचं. त्यामुळे इतके दिवस माझ्याभोवती नुसते दात. त्या दातांनी आता माझ्या हसण्याची वाट पाहायची, असं चाललं होतं. बरं होणं म्हणजे एक दिवस ही उठेल आणि हसेल, अशी त्यांची पक्की समजूत. आणि परत आलं काय, तर नाक मुरडलेलं तोंड. मग म्हणे मशीनने डोकं बिघडवलं.

तुझे मेहुणे वाईट नाहीत, हे मीही जाणते. मला भरवलंय त्यांनी, माझे केस विंचरलेत. पण डॉक्टरीणबाईंना ते म्हणाले, "ती आधी किती शांत होती हो." आधी म्हणजे कधी? भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, तेव्हा? ती बाई त्यांच्या सवयीची झालीय. तिला टीव्हीचा आवाज खुपत नाही, तिच्या कपाटात सासूबाईंच्या साड्या ठेवल्या तरी ती ब्र काढत नाही, ताटात पडेल ते गिळते. शांत आहे, हे खरंच. या गोष्टीची मला जेवढी शिसारी आली, तेवढी त्या फडक्याचीही आली नव्हती.

डॉक्टरीणबाईंचं मात्र मला पटतं. त्या म्हणाल्या, काहींचा तोल या उपचारात दुसऱ्या टोकाला जातो, झोप उडते, जिभेवर ताबा राहत नाही, तेव्हा मला खात्री करून घ्यावीच लागेल. मी सांगितलं, झोप नीट लागते, भूक लागते, फक्त घाण सहन होत नाही. तर त्या म्हणाल्या, हे तुम्ही सांगून भागणार नाही. आणि भीती मलाही वाटते. आज सकाळी दूध उतू गेलं, घरभर करपट वास सुटला, आणि तो मला नुसता कळला. क्षणभरच. मग ओठ हलला. पण तो क्षण मी दिवसभर विसरू शकलेले नाही.

आता पत्र का लिहितेय ते सांगते. मॅनेजरला सांगून डेअरीच्या गाडीबरोबर पाठवतेय, कारण फोनवर माझा आवाज चढला असता आणि तू म्हणाली असतीस, बघ, चिडलीसच. परवा जेवताना तुझ्या मेहुण्यांच्या तोंडून निघून गेलं, "ताईंनाही थांबवणंच योग्य वाटतं." फोनच्या पलीकडून तू त्यांना काय म्हणाली असशील ते मला बसल्या जागी ऐकू आलं, "बिचारे थकलेत हो, करा तुम्हाला पटेल तसं." तुझीही किळस आली मला, ताई. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. तुम्हाला लग्नाआधीपासून ओळखणारं कोणी आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तरीही मी तुझाच नंबर दिला. कारण माझ्या नाकाचा जाच तू लहानपणी एकटीने सोसलायस. पेला हुंगल्याशिवाय मी पाणी पीत नसे, मामाने पापा घेतला की गाल फ्रॉकला पुसत असे, तुझ्या वेणीच्या तेलाचा वास येतो म्हणून भांडून अंथरूण वेगळं मागितलं होतं. माझी बाजू घेऊ नकोस, साखर पेरून काही सांगू नकोस. मी आधी कशी होते, एवढंच त्यांना सांग. सोमवारी सकाळी त्या तुला फोन करतील, माझ्याशी दुपारी बोलतील. तुझं ऐकून त्यांची खात्री पटली, तर मंगळवारी सुतारीण पुन्हा खुणा तपासून टोपी चढवेल. नाही पटली, तर माझ्या वेळेला दुसरं पेशंट घेतील.

तुझीच, आणि तुझ्यावर अजून चिडलेली,
धाकटी