प्रवास न करण्याचे कारण

॥ श्री ॥
मल्लेश्वरम, बंगळूर
१४ जून १९९८

ती. बाबांस,
कस्तुरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. त्यात हवापाण्याच्या चार ओळी आणि मिरज जंक्शनच्या बारा ओळी होत्या, त्यावरून प्रकृती उत्तम आहे असं मी धरून चालते. गाड्यांचं कंट्रोल ऑफिस सोडून तुम्हाला नऊ वर्षं झाली, तरी कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली ते मला इथे बसून कळतं आहे.

आता माझी बातमी. आमच्या ऑफिसकडे एक मोठं काम आलंय. पुण्याहून बंगळूरला ताशी अडीचशे किलोमीटरने धावणारी प्रवासी गाडी करता येईल का आणि तिचा खर्च कोण उचलेल, याचा अहवाल करायचा आहे. प्रवासी किती मिळतील हा भाग माझ्या गळ्यात पडलाय. मिरजेहून इथे यायला आज सोळा तास लागतात, ते चारावर येतील. मला तर वाटतं, लोक एकमेकांपासून लांब राहतात ते अंतरामुळे नाही, वेळेमुळे. वेळ कापला की माणसं आपोआप जवळ येतील.

तुम्ही लगेच बाह्या सरसावून वाद घालायला बसाल हे मला माहीत आहे. बसा. फोनवर वाद घालता येत नाही, तीन मिनिटांत एसटीडीवाला घड्याळाकडे बघायला लागतो. पण वादाबरोबर एक कामही करा. सोबत दोनशे वीस फॉर्म पाठवते आहे. देवाप्पाकाकांना घेऊन स्टेशनवर बसा आणि लोकांकडून भरून घ्या. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, म्हणजे लोक खरं लिहितात.

बाकी माझं ठीक. घरमालकीण शिवलीलाअक्का विजापूरकडच्या, त्यांच्याशी संध्याकाळी थोडं मराठी बोलणं होतं. त्या माहेरी गेल्या की शनिवार ते सोमवार तोंडातून शब्द निघत नाही. मग मी उगीच भाजी घ्यायला जाते आणि ‘स्वल्प कमी करा’ म्हणून भाजीवालीशी हुज्जत घालते. हुज्जत घालायला तरी कुणी हवं ना.

औषधं वेळेवर घ्या. पत्राची वाट पाहते.

तुमची,
कस्तुरी


॥ श्री ॥
मिरज
२३ जून १९९८

चि. कस्तुरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि फॉर्मांचा गठ्ठा पावला. पोस्टमनने विचारले की निवडणुकीला उभे राहताय काय. देवाप्पा तर हरखून गेला आहे. पॉइंट्समन म्हणून तीस वर्षे त्याने रूळ बदलले, पण साहेबासारखा कागद-पेन घेऊन बसायची संधी त्याला आताच मिळाली.

आता तुझ्या गाडीविषयी. तू किलोमीटरला तीस कोटी खर्च धरला असशील असा माझा अंदाज आहे. म्हणजे पंचवीस हजार कोटी झाले. ते निघायचे तर रोज तीस हजार माणूस हवा. आठवड्याला अख्खी मिरज उचलून बंगळुरास नेऊन टाकावी लागेल. शिवाय एवढ्या वेगाच्या गाडीला वळण सोसत नाही, तिला सरळ रस्ता लागतो. तो रस्ता तासगावच्या द्राक्षबागांतून काढणार की लोंढ्याच्या जंगलातून, ते नकाशावर बोट ठेवून सांग. आणि ही गाडी मिरजेस थांबणार काय? थांबली नाही तर मी तिला हात करायचा की शिव्या द्यायच्या?

आत्ता कुठे आपला मार्ग रुंद, म्हणजे ब्रॉडगेज झाला. पण तो अजून एकेरीच आहे, त्यामुळे समोरून दुसरी गाडी आली की पहिलीने आडगावच्या स्टेशनात तासभर उभे राहायचे. किती गाड्या मी स्वतः अशा उभ्या करून ठेवल्या आहेत. दुसरा रूळ टाका, सिग्नल सुधारा, सोळाचे अकरा तास होतात आणि खर्च दहाव्या हिश्शात भागतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण काही केवळ संसाराकरिता नाही.

राहता राहिले माणसे जवळ येण्याचे. वेळ कापला म्हणून माणसे येतात, हे काही मला पटत नाही. सांगलीहून मिरज अर्ध्या तासावर आहे. तुझे उमाजीमामा सांगलीतच राहतात आणि दोन वर्षांत फिरकलेले नाहीत.

गणपतीस येतेस काय? पंचवीस ऑगस्टला चतुर्थी आहे. तुझी आई गेल्यावर तू एकदाच आलीस, त्यासही आता दोन वर्षे होतील. घर मोठे वाटते. मोदक मला जमत नाहीत, पण शेजारच्या कौशल्याबाई करून देतो म्हणाल्या आहेत. तू येशील तर त्यांना तसे सांगतो.

जपून राहावे. आगाऊपणाचे लिहिले असेल तर ते बापाचे म्हणून सोडून द्यावे.

तुझा,
बाबा


॥ श्री ॥
मल्लेश्वरम, बंगळूर
१९ जुलै १९९८

ती. बाबांस,
कस्तुरीचा सा. न. वि. वि.

भरलेले फॉर्म मिळाले. दोनशे चौदा म्हणजे कमालच केलीत. पुण्याच्या आमच्या पगारी माणसांनी दीडशेसुद्धा आणले नाहीत. साहेबांनी मुद्दाम विचारलं की मिरजेत कोण आहे. मी म्हटलं, विरोधी पक्षनेते.

पैशांचं तुमचं गणित बरोबर आहे आणि तरीही चूक आहे. सगळा पैसा तिकिटातून काढायचाच नाही. एक हिस्सा केंद्र आणि दोन्ही राज्यं देतील, एक हिस्सा परदेशातून कमी व्याजाचं कर्ज आणि तिसरा हिस्सा स्टेशनांभोवतालच्या जमिनींतून. स्टेशन आलं की जमिनीचा भाव चढतो, तो चढलेला भाव आज दलाल खातात, तो गाडीने खायचा. आता तुम्ही म्हणणार की कर्ज येनमध्ये आणि कमाई रुपयात, रुपया घसरला की फेडता फेडता नाकी नऊ येतील. हा मुद्दा मलाही सुटलेला नाही, हे तुमच्यापाशी कबूल करते. ऑफिसात नाही करणार.

आणखी एक फायदा आम्ही धरतो, वाचलेल्या वेळाचा. माणूस तासाला जितकं कमावतो, तितकी त्याच्या वाचलेल्या तासाची किंमत. बारा तास वाचले की गुणाकार करायचा. निवृत्त माणसांच्या तासाला आमच्या पद्धतीत शून्य धरतात. रागावू नका, पद्धत मी नाही केली.

गणपतीचं जमेल असं वाटत नाही. अहवाल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचाय, आणि दोन दिवसांच्या सुट्टीतले बत्तीस तास गाडीतच जाणार. बघा, म्हणूनच म्हणते की ही गाडी व्हायला हवी. तुमच्या मोदकांवर पाणी सोडताना जीव तुटतो. कौशल्याकाकूंना माझा नमस्कार सांगा आणि माझ्या वाटचे तुम्ही खाऊ नका, साखर वाढेल.

मोठी जागा घ्यायचा विचार आहे. तुमच्यासाठी वेगळी खोली हवी ना. मिळाली की कळवतेच.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
कस्तुरी


॥ श्री ॥
मिरज
२८ जुलै १९९८

चि. कस्तुरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. गणपतीचे समजले. काम आधी. कौशल्याबाईंना एकवीसच मोदक सांगितले आहेत.

जमिनीच्या भावाचा तुझा मुद्दा चांगला आहे. त्यावर दोन दिवस विचार केला आणि उत्तर सुचले नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. येनच्या बाबतीत मात्र माघार घेऊ नकोस, अहवालात स्पष्ट लिही. पुलाला तडा दिसला आणि इंजिनियर गप्प बसला, तर तो पुलापेक्षा धोक्याचा.

शून्याचे वाचले. रागावलो नाही. सकाळी सहाला उठतो, दहापर्यंत सर्व कामे उरकतात, मग पुढचे बारा तास खरोखरच कुणाच्या उपयोगाचे नसतात. तुमची पद्धत अनुभवी माणसाने बसवलेली दिसते. फॉर्म भरून घेण्याचे पंधरा दिवस मात्र फार चांगले गेले. देवाप्पा अजून विचारतो की दुसरा गठ्ठा कधी येणार.

वेगळ्या खोलीपायी खर्चात पडू नकोस.

पाऊस इथे बरा आहे. थंडीचे सांभाळावे.

तुझा,
बाबा


॥ श्री ॥
मल्लेश्वरम, बंगळूर
९ ऑगस्ट १९९८

ती. बाबांस,
कस्तुरीचा सा. न. वि. वि.

आज वाद नाही.

काल ऑफिसात फॉर्मांची निवड चालली होती. सध्याचा वर्षभरातला प्रवास शून्य आणि गाडी चार तासांत नेणार असली तरी शून्यच, असं ज्यांनी लिहिलंय ते फॉर्म आम्ही बाजूला काढतो. वेग वाढवून ही माणसं गाडीत येत नाहीत, म्हणून ती आमच्या कामाची नाहीत. त्या गठ्ठ्यावर ‘निरुपयोगी’ अशी चिठ्ठी लावून खाली माझी सही लागते. सही करायच्या आधी मी ते एकदा चाळले.

मिरजेच्या एका फॉर्मवर दोन्ही शून्यांतून तिरकी रेघ मारलेली होती. कंट्रोलच्या तक्त्यावर इंग्रजी शून्य आणि सहा यांत घोटाळा होऊ नये म्हणून अशी रेघ मारणारा एकच माणूस मला माहीत आहे. लहानपणी माझ्या गणिताच्या वहीतसुद्धा तो तशीच मारायला लावायचा. वय सदुसष्ट, निवृत्त. प्रवास न करण्याचं कारण: भाडं नाही, वेळ नाही, गैरसोय नाही. ‘इतर’ वर खूण, आणि पुढे तुमच्या अक्षरात, ‘बोलावणे नाही.’

बाबा, मी चार वर्षं इथे आहे. तुम्हाला आमंत्रण द्यायचं असतं हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. घरच्या माणसाला कुणी या म्हणतं का, असंच मला वाटायचं. तुमच्याकडे पास आहे, वेळ आहे, वाटलं की तुम्ही याल. आला नाहीत, तेव्हा वाटलं की घर आणि जंक्शन सोडवत नसेल. आणि तुम्ही तिकडे बोलावण्याची वाट पाहत बसलात. आजी आत्याकडे राहायची, तेव्हासुद्धा तुम्ही चिठ्ठी आल्याखेरीज तिकडे गेला नाहीत, हे मला आठवायला हवं होतं. मोठ्या जागेचं तर मी नुसतं लिहिते आणि एकदाही शोधायला बाहेर पडलेले नाही. मला त्याची लाज वाटते.

मी रोज तीस हजार लोकांचा हिशेब करते आणि संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या खोलीत शिरते. मला करमत नाही, बाबा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर हे बोलावणं. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करा आणि गुरुवारी सत्तावीस तारखेच्या गाडीने निघा. शुक्रवारी मी रजा घेतली आहे. खोली एकच आहे, पलंग तुमचा, मी खाली झोपेन. अक्कांना विचारलं, त्या ‘सरी, सरी’ म्हणून लगेच गादी काढायला गेल्या. यशवंतपूरला उतरा, मी फलाटावर असेन. चुकामूक झालीच तर रिक्षावाल्याला मल्लेश्वरम, आठवा क्रॉस म्हणा. मंदिराच्या पुढे डावीकडे वळायचं, निळं फाटक.

या. किती दिवस राहायचं ते मी विचारणार नाही.

तुमची,
कस्तुरी


॥ श्री ॥
मिरज
१७ ऑगस्ट १९९८

चि. कस्तुरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले, चार वेळा वाचले. तो फॉर्म तुझ्या हातात जाईल असे वाटले नव्हते. मशीन वाचते अशी माझी समजूत होती. नाव नाही म्हणून खरे लिहिले, आणि रेघेने घात केला. मागून घेतलेले बोलावणे काही खरे नव्हे, असे आधी मनात आले. पण तुझ्या पत्रातली ती करमत नाही म्हणून लिहिलेली ओळ वाचली आणि उठून आरक्षण करून आलो. सत्तावीसचे आहे, खालचा बर्थ मिळाला.

सकाळी फलाटावर येऊन थंडीत उभी राहू नकोस. घर मला सापडेल, कारण ते मी पाहिले आहे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात तुझ्या आईच्या श्राद्धाला तुला येता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा भरून घेतला आणि गाडीत बसलो. यशवंतपूरहून चालत आलो. साडेआठ वाजता फाटकासमोर पोचलो तेव्हा तू कुलूप लावत होतीस. तुला चष्मा लागला हे तू पत्रात लिहिले नव्हतेस. हाक मारणार होतो, पण बोलावले नसताना का आलो हे काय सांगायचे ते सुचेना. तेवढ्यात तू स्कूटर काढून गेलीस. व्हरांड्यातून तुझ्या अक्कांनी कोण पाहिजे म्हणून विचारले. मी पत्ता चुकला म्हणालो. डबा स्टेशनवर एका म्हातारीला दिला आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो.

पोचली नाही ती गाडी आम्ही धावलेली धरत नाही, म्हणून फॉर्मवर शून्य लिहिले. पण ते खोटे होते. पहिल्या रकान्यात एक कर, आणि मग खुशाल सही कर.

बाकी समक्ष.

तुझा,
बाबा