ताईच्या लॅपटॉपमधल्या दोन कंपन्या

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (टेबलाखाली स्क्रू शोधताना खराखुरा घातलाय, तोच तुमच्या नावावर लावून घ्या). गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देते का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे काल दुपारी चारपासून ठीक आहेत. त्याआधीचं ऐका.

ताईचा लॅपटॉप इतका मंद झाला होता की ती नकाशात एक भिंत काढायची आणि भिंत उमटेपर्यंत चहा पिऊन यायची. त्यात काल पाच वाजता तिला घराचा नकाशा गिऱ्हाइकाला दाखवायचा होता. (नोकरी सोडल्यावरचं पहिलंच काम. हे गेलं असतं तर परत जुन्या साहेबाच्या दारात.) मी म्हटलं, रॅम वाढवू, दहा मिनिटांचं काम. दुकानात नेमकी जुन्या रॅमच्या कंपनीची रॅम नव्हती. दुकानदार म्हणाला, प्रकार तोच, स्पीड तोच, मग कंपनीचं काय घेऊन बसलास? तुम्ही बजावलं होतंत की दोन कंपन्या एकत्र घालू नकोस, भांडतात. पण तुम्ही फोनवर होतात आणि दुकानदार समोर होता.

खालचं झाकण काढलं, जुनीच्या शेजारी नवी बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. परत दाबलं. परत काळा. ताई ओरडली नाही, तिथेच मी घाबरलो. नुसती म्हणाली, "कार्ट्या, साहेबांचा नंबर शोधून ठेव." बाबा मागून, "मामानं सांगितलं होतं ना?" (रॅम म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, पण तुम्ही सांगितलंय एवढं माहीत होतं.) आई मला म्हणाली, नवीला बाहेर काढ रे, म्हणजे जुनी तरी नांदेल.

काढली. आणि मामा, भांडणबिंडण काही नव्हतं हो! ती पट्टी तिरकी घालून खाली दाबायची असते, मग दोन्ही बाजूंचे चिमटे टक् टक् करून तिला धरतात. माझ्या घाईत एकच टक् झालं होतं. पुन्हा बसवली, दोन्ही टक् कान लावून ऐकले. तरी पडदा काळाच! मी बटणाकडे हात नेला, तर ताईनं मनगट धरलं, "थांब. श्वास तरी घेऊ दे त्याला." अख्खं मिनिट गेलं आणि एकदम उजाडलं! (नव्या रॅमला पहिल्यांदा वेळ लागतो म्हणे.) आई चहा टाकायला उठली, बाबा म्हणाले, "मी म्हटलंच होतं." पाच वाजता नकाशा नुसता पळत होता. गिऱ्हाइकानं फक्त बाथरूमचं दार हलवायला सांगितलं आणि काम दिलं. ताईनं मला टपली मारली, पण मायेची. काय हुश्श झालं म्हणून सांगू!

मामीला नमस्कार.

तुमचा लाडका भाचा (आईचं मत वेगळं आहे)

ता. क. : लॅपटॉप रॅमनं पळाला नाही. महिन्यापूर्वी मी त्यात एक गंमत बसवली होती, दर दहा मिनिटांनी आतून कुणीतरी शिंकायचं (ताई लॅपटॉपचा आवाज बंद ठेवते, म्हणून तिला पत्ताच नाही). दर शिंकेची एक खिडकी लपून उघडायची आणि मिटायचीच नाही. ताई लॅपटॉप बंद करत नाही, नुसता झाकते, त्यामुळे हजारभर शिंका आत साठल्या होत्या. मी पार विसरलो होतो. रॅमसाठी लॅपटॉप बंद केला तेव्हा त्या सगळ्या शिंका उडाल्या, आणि ताई तोंड धुवायला गेली तेव्हा मी गंमतही गुपचूप काढून टाकली. हे तिला तुम्हीच सांगा, तुमच्यावर ती चिडत नाही.

आणखी एक : तुम्हीही रॅम घेणार आहात असं आईकडून कळलं. घेऊ नका, रविवारी मी येतोय. आणि मामीला म्हणावं, तुम्हाला वाफ देणं थांबव. आतल्या खोलीत शिंकतोय तो तुमचा लॅपटॉप, तुम्ही नव्हे.