सातवं नाव

हमीरसिंह कुंवरसा,
मिश्री खांचा मुजरा घ्यावा.

काल तुम्ही बेंगळुरूच्या ग्रुपबरोबर आमच्या टुरिस्ट कॅम्पावर उतरलात. डोक्याला भाड्याचा केशरी साफा होता, पण डावा पाय ओढत चालणं तुमच्या वडिलांचं, थोरल्या ठाकुरांचंच. मी लगेच ओळखलं. तुम्ही मला ओळखलं नाहीत, त्याचं काही नाही. दहा वर्षांचे होतात, बोर्डिंगात गेलात तेव्हा.

फाल्गुनात ठाकुर गेले, तेव्हा तुम्हाला रजा मिळाली नाही म्हणे. बारा दिवस तुमच्या दारात मी बसलो. यजमानाच्या घरी जन्म असो की मरण, आम्ही हजर राहायचं आणि त्याच्या पिढ्या तोंडपाठ ठेवायच्या, हेच आमचं काम.

काल शेकोटीपाशी तुमचा मित्र म्हणाला, "चाचा, काहीतरी अस्सल होऊन जाऊ द्या." मी पेटी पुढे ओढली आणि तुमच्या घराण्याची नावं गायला लागलो. पाचवं नाव तुमचे आजोबा खेतसिंह, सहावं तुमचे वडील खंगारसिंह. वडिलांचं नाव आलं की मुलानं उठून साफ्याला हात लावायचा असतो. मी ते नाव तीनदा घेतलं. तुमचा मोबाइल धरलेला हात जरा खाली आला, मग पुन्हा वर गेला.

मी थांबलो. मित्रानं विचारलं, "बस? पुढे कोण?"

मी तुमच्याकडे पाहिलं नाही. म्हणालो, "साहेब, पुढचं मला येत नाही."

हे पत्र पाठवू कुठे? मला ठाऊक असलेल्या तुमच्या एकाच पत्त्याला कुलूप आहे.

तुमच्या दारचा गाणारा,
मिश्री खां