रहाटाच्या कवितेचं शेवटचं कडवं

निफाड,
१२ डिसेंबर २००४

ती. भागुअक्काच्या पायांशी धाकट्या सहादूचा नमस्कार.

तुझा गुडघा थंडीत कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून तुला भिंतीवरच्या पालीचे डोळेसुद्धा दिसतात असं मागच्या पत्रात होतं, वाचून आनंद झाला. तेव्हा हे पत्र नातवंडाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. कारण पुढे कळेल. माझं बरं चाललंय. फक्त नवी कवळी अजून तोंडाशी जमवून घेत नाही; ओळ संपली की 'टक्' करते. (हा 'टक्' ध्यानात ठेव.)

तर दिवाळीनंतर आमच्या शाळेत पाच कॉम्प्युटर आले. शिकवायला पल्लवी मॅडम आहेत, म्हणजे आपली पल्लवीच. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी चौथीत होती, हस्ताक्षर असं की मुंग्यांची वरात. तेव्हा मी तिला म्हणायचो, पोरी, तुझं कसं व्हायचं? आता ती बोटांनी बडवते आणि पडद्यावर मोत्यासारखं अक्षर उमटतं. ती घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमची रहाटाची कविता कॉम्प्युटरमध्ये घेऊ. मुलं हव्या तितक्या वेळा ऐकतील. नंतर संस्थेच्या तेरा शाळांना सीडी पाठवू, इंटरनेटवरही टाकू. अमेरिकेतही ऐकू येईल." मी म्हटलं, अमेरिकेत रहाट कुठे आहेत? वरून असं म्हटलं खरं, पण आत फार बरं वाटलं. अक्का, ती कविता पुस्तकातून केव्हाच गेली, विहिरींवरचे रहाटही गेले, मोटारी बसल्या. *कुरकुर कुरकुर रहाट बोले, विहिरीमधले आभाळ डोले*, हे आता फक्त माझ्या घशात उरलंय, आणि घसा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

रेकॉर्डिंगला मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. (आवाजच घेणार होते, पण कवितेला मान नको?) चार वाजता वीज जाणार म्हणून घाई होती. मॅडमनं माइक पुढे केला आणि खुणेनं 'सुरू' म्हटलं. आता तूच सांग, चौतीस वर्षं मी एक ओळ म्हणायची आणि वर्गानं ती मागून म्हणायची, ही सवय एका दिवसात सुटते का? मी ओळ म्हटली, कवळीनं 'टक्' केलं आणि मी थांबलो. समोर वर्ग नाही, नुसती भिंत. मागून कोणी म्हणेना. तेव्हा आपोआप तोंडून गेलं, "मागच्या बाकावरचे, तोंडं शिवलीत का?" मग दुसरी ओळ, पुन्हा 'टक्', थोडा खोकला. असं करत शेवटच्या कडव्याशी आलो आणि कडवं गेलं. साफ गेलं. डोळे मिटले, कपाळ चोळलं आणि पुटपुटलो, "पुढचं भागुअक्काला येतं." तेवढ्यात वीज गेली. मॅडम म्हणाली, जेवढं झालं तेवढं यंत्रात राहिलंय, नंतर काटछाट करू. आणि दुसऱ्याच दिवशी तिला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला नाशिकला धाडलं.

इकडे मुलांनी यंत्र सोडलं नाही. चौथीत हर्षाली म्हणून एक मुलगी आहे, चार माणसांत तोंड न उघडणारी. तिनं ती कविता म्हणे सतरा वेळा ऐकली. मी असतो तर तिसऱ्या वेळी खेकसलो असतो. यंत्र खेकसत नाही, हे मात्र मी मान्य केलं. (मास्तर लोकांनी यंत्राकडून घ्यायचं ते एवढंच.) मग तिनं सगळ्या वर्गाला शिकवली.

काल शनिवारी कार्यक्रम झाला. मॅडम आदल्या रात्री परतलेली, तिनं काही ऐकलं नव्हतं. शिक्षण खात्याचे साहेब उशिरा आले आणि पुढे जागा नाही म्हणून मागच्याच बाकावर टेकले, हातात पेढा. हर्षालीनं सुरुवात केली, मागून साठ पोरं. पहिली ओळ संपली आणि साठ जिभा एकदम वाजल्या: 'टक्!' मग क्षणभर शांतता, आणि साठ पोरं माझ्या आवाजात गरजली, "मागच्या बाकावरचे, तोंडं शिवलीत का?" साहेबांनी पेढा तसाच गिळला आणि उभं राहून म्हणायला लागले. पुढे खोकलासुद्धा पोरांनी सुरात काढला. मी खांबाआड गेलो. पण खरी गंमत शेवटी. पोरांनी डोळे मिटले, कपाळं चोळली (हे यंत्रात नव्हतं; हर्षालीनं खिडकीतून पाहिलं होतं!) आणि चालीत म्हणाली, "पुढचं भागुअक्काला येतं... टक्!" टाळ्या थांबेनात. साहेबांनी जाताना विचारलं, ताल छान आहे, पण या भागुअक्का कोण?

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
सहादू

ता. क. येत्या शनिवारी, अठरा तारखेला, पुन्हा रेकॉर्डिंग आहे. त्यानंतर सीड्या तेरा शाळांना जाणार, आणि कडवं नसेल तर कविता जन्मभर लंगडी. त्यात घागर आहे, एवढंच मला आठवतं. पोस्टकार्डावर लिहून पाठव.

ता. क. दुसरा. कार्डावर चाल कशी येणार? तूच ये. येवल्याहून सकाळची एस.टी. धर, मी स्टँडवर उभा असेन.

ता. क. तिसरा. याच्यासाठी स्वतः वाच म्हटलं होतं. सीडीवर छापायला मॅडमनं विचारलं, चाल कोणाची? मी म्हटलं, माझी. चौतीस वर्षं वर्गात हेच सांगत आलो. दादांच्या हातमागाशेजारी बसून, मागाच्या ठोक्यावर ती तू लावलीस. चौथीनंतर दादांनी तुला शाळेतून काढून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं आणि मी तुझी चाल दप्तरात घालून पुढे गेलो. काल हर्षालीनंही विचारलं, गुरुजी, भागुअक्का कोण? अक्का, साहेबांना मी 'नात्यातल्या आहेत' म्हणून टोलवलं होतं, पोरीला टोलवता आलं नाही. सगळं सांगितलं. मॅडम शेजारीच होती. तिनं माझं नाव पुसून तुझं टाइप केलं. आता मला वाटलं तरी बदलता यायचं नाही, मला माउस धरता येत नाही.

ता. क. चौथा. तुझीही कवळी घालूनच ये. मी 'टक्' काढून टाका म्हटलं, तर पोरं त्याच्याशिवाय म्हणायला तयार नाहीत. आणि काल खांबाआडून ऐकताना मलाही वाटलं, दादांचा माग असाच वाजायचा.