खिशातला सतरा नंबर

३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सगळं ठीक. सोमवारी कारखान्यात साहेबांनी मशिनी थांबवून सांगितलं, की आपला देश आता गरीब देशांच्या यादीतून वर गेला. आम्ही काय, टाळ्या वाजवल्या! सगळ्यांत जोरात मीच. मग म्हणाले, गरीब म्हणूनच आपले शर्ट तुझ्या तिकडच्या दुकानांत बिनकराचे उतरत होते, ती सवलत संपली. आता ते महाग पडणार. टाळ्या वाजवलेले हात कुठे लपवावेत तेच कळेना.

शिलाईच्या पाचांतल्या दोन लाइनी बंद झाल्या. तू काळजी करू नकोस. मी कामावर आहे तोवर तपासलेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशात माझी सतरा नंबरची चिठ्ठी जाणारच. जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी ताई, नंबर सतरा

२० मे

ती. सतरा नंबरच्या ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या ‘ठीक’वर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून रविवारी दुकान गाठलं. शर्ट बघायच्या मिषाने एकेक खिसा चाचपला. दुकानातली बाई अशी बघत होती, जणू मी पाकीटमारच. नवव्या शर्टात सापडली तुझी चिठ्ठी! त्या शर्टात माझ्यासारखे दोघे मावतील, तरी घेतला. म्हणजे तुझं काम शाबूत आहे. दोन महिने घास गोड लागत नव्हता, त्या दिवशी पोटभर जेवलो.

तुझी माया अशीच असू दे.

धाकटा

११ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग बराच वेळ रडले. अरे वेड्या, खोकी जहाजाने तिकडे पोचायलाच महिने जातात. तो शर्ट त्या टाळ्यांच्याही आधीचा.

कारखाना आता इथल्याच शाळांचे गणवेश शिवतो. त्यांना तपासनीस लागत नाही. उसवलं तर पोराची आई टाका घालते. साहेबांनी मला मशिनीवर बसवून पाहिलं, पण बावीस वर्षं नुसते शर्ट तपासलेले हे हात, तरुण मुलींच्या वेगाला पुरे पडेनात. एप्रिलअखेर घरी बसवलं. तुला कळवायचं रोज ठरवायची आणि पत्र अर्धवट राहायचं. अजूनही शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शर्ट दिसला, की बोट आपोआप खिशाकडे जातं.

बाजूच्या शिवणी आत घे आणि तो शर्ट घाल. फक्त चिठ्ठी धुण्यात जाऊ देऊ नकोस. माझ्याकडे एकही उरलेली नाही.

माया कमी करू नकोस.

तुझी ताई